रंगाआधीचे तीन महिने : घरी बांधलेली जीप रंगासाठी कशी तयार करावी

आमची जीप रंगाच्या बूथमध्ये जेमतेम दोन दिवस होती. त्याआधी तीन महिने ती नवी मुंबईत घणसोली गावठाणातल्या आमच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली उभी होती. कधी जोडलेली, कधी सुटी केलेली, कधी नुसत्या राखाडी प्रायमरमध्ये. आता लोक रंगाचं कौतुक करतात, पण त्यांना जे आवडतं ते त्या तीन महिन्यांचं काम आहे. चकचकीत रंग काहीच झाकत नाही. पत्र्यावरची बोटभर लाट प्रायमरमध्ये कुणाला दिसत नाही आणि वर क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक चकचकीत थर, बसला की रस्त्यापलीकडून दिसते.

चॅसी आणि इंजिन जुनंच आहे. बॉडी मात्र आम्ही कळंबोलीच्या लोखंड बाजारातून आणलेल्या १८ गेजच्या, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर जाडीच्या सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड लाटलेल्या) पत्र्यातून घरी वाकवून बांधली. बॉनेट फायबरचं आहे. कंपनीच्या गाडीचे पत्रे प्रेसमधून निघतात, एकासारखा एक. हाताने बांधलेल्या गाडीत प्रत्येक भोक, प्रत्येक घडी, प्रत्येक वेल्ड आपला असतो, म्हणून तयारीही वेगळी लागते. तुर्भ्यात चाळीस वर्षं डेंटिंग केलेले तात्या आमच्याकडे संध्याकाळी येऊन बसायचे. या लेखातलं पुष्कळसं त्यांनी मला हाताला धरून शिकवलंय.

आधी पूर्ण बांधा, चालवा, मग उघडा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. रंगाआधी गाडी शेवटच्या स्क्रूपर्यंत एकदा पूर्ण जोडायची. हेडलाइट, वायपर, आरसे, नंबरप्लेटचा ब्रॅकेट, सीटचे रेल, वायरिंगच्या क्लिपा, पेट्रोलच्या नळीचे क्लॅम्प, सगळं. मग ती निदान शे-दीडशे किलोमीटर चालवायची, खड्ड्यांतूनही. रंगानंतर मारलेलं प्रत्येक भोक म्हणजे गंजाला उघडलेलं दार, आणि रंगानंतर केलेला एक वेल्ड तळहाताएवढा रंग जाळतो.

चालवल्यावर चॅसी किंचित पिळते, बॉडी माउंटचे रबर बसतात आणि बॉनेटची फट बदलते. आमची डाव्या बाजूची फट पहिल्या आठवड्यातच दोन मिलिमीटरने आवळली. रंगानंतर हे कळलं असतं तर कडा घासून रंग उडाला असता. फटी मोजायला ५ मिलिमीटरचं ड्रिल बिट उलटं धरून फटीतून फिरवा. ते सगळीकडे एकसारखं सरकलं पाहिजे. प्रायमर, सरफेसर (प्रायमरनंतरचा, घासून सपाट करायचा जाड थर), रंग आणि क्लिअर मिळून पाव मिलिमीटरपर्यंत थर चढतो. समोरासमोरच्या दोन कडा मिळून अर्धा मिलिमीटर फट कमी होते, म्हणून कच्च्या पत्र्यावर फट थोडी सैलच ठेवायची.

फटी जुळल्या की बिजागऱ्यांच्या जागी ३ मिलिमीटरचं एक आरपार भोक मारून ठेवा. पुन्हा जोडताना त्यात खिळा घातला की भाग आपोआप जागेवर येतो. गाडी उघडताना प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढा आणि बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत चिठ्ठी लावून ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण तीन महिन्यांनी कुठला बोल्ट कुठला हे कुणालाही आठवत नाही.

कागद आणि रंगाची निवड

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारे फेरफार मनाने करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीची मूळ रचना बदलण्याविरुद्ध स्पष्ट निकाल दिला. म्हणून आम्ही बॉडीचा आकार आणि मापं मुळाबरहुकूम ठेवली. तुमचा आराखडा वेगळा असेल तर पत्रा कापण्याआधी आरटीओत विचारा. रंग बदलणार असाल तर त्याचीही नोंद आरसीवर करून घ्यावी लागते.

जीप म्हटलं की प्रत्येकाला लष्करी हिरवा रंग हवा असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२१ तो रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठीच राखून ठेवतो. माझ्या भावाचंही तेच स्वप्न होतं. शेवटी आम्ही खाकीकडे झुकणारा फिका रंग घेतला.

आणि चॅसी नंबर. त्यावर ग्राइंडर, पुट्टी किंवा जाड प्रायमर कधीही नको. तपासणीत त्याचा पेन्सिलने ठसा घेतात. तो भाग हाताने हलकेच स्वच्छ करा, पातळ थर द्या आणि अंक बोटाला लागतात ना ते पाहा.

आपली हवा

ठाणे खाडीच्या काठावर उघडा पत्रा ठेवणं म्हणजे मिठात ठेवणं. जूनमध्ये घासलेला पत्रा दुसऱ्या दिवशी सकाळी तांबूस झालेला मी पाहिलाय. शक्य असेल तर हे सगळं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा.

नियम असा : पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं त्यापेक्षा) किमान ३ अंशांनी जास्त असल्याशिवाय प्रायमर मारायचा नाही. पावसाळ्यात हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २५ च्या वर जातो. म्हणजे पत्रा २८ च्याही वर हवा, आणि रात्रभर सावलीत उभ्या राहिलेल्या गाडीचा पत्रा तेवढा गरम नसतो. डिसेंबरच्या दुपारी ३० अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला दवबिंदू १८ च्या आसपास येतो, तेव्हा काहीच अडचण नाही. एक साधा आर्द्रतामापक शेडमध्ये टांगा आणि हिवाळ्यातही सकाळी दहाच्या आत स्प्रे गन हातात घेऊ नका.

हेच पाणी कॉम्प्रेसरमध्येही साठतं. टाकीच्या तळाचा कॉक दर तासाला उघडून पाणी काढायचं आणि पाणी पकडणारा फिल्टर टाकीला चिकटून न लावता पाइपच्या दुसऱ्या टोकाला, हवा थंड झाल्यावर लावायचा. गरम हवेतली वाफ फिल्टरमधून सरळ निघून जाते आणि पुढे पाइपात तिचं पाणी होतं.

पत्रा उघडा करणं

चॅसी, ब्रॅकेट, बिजागऱ्या असे जाड भाग आम्ही सॅंड ब्लास्टिंगला दिले. सपाट बाजूंना ब्लास्टिंग करू देऊ नका. वाळूच्या माऱ्याने पातळ पत्रा ताणला जातो आणि मग तो कुणालाच पुन्हा सपाट करता येत नाही. ब्लास्ट झालेला भाग त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे. आम्ही सकाळी भाग नेऊन दिले, दुपारी आणले आणि चहासुद्धा न घेता पहिला हात मारला.

घासण्याआधी तेल काढायचं, नंतर नव्हे. सीआर पत्र्यावर गंजू नये म्हणून तेलाचा थर असतोच. तसाच पॉलिश पेपर मारला तर ते तेल ओरखड्यांत दाबून बसतं. रंगाच्या दुकानात मिळणारा मेण-ग्रीस काढणारा द्रव आणा आणि दोन फडक्यांनी काम करा : एक ओलं, लगेच मागून एक कोरडं. ओलं तसंच वाळू दिलं तर घाण फक्त पसरते. रॉकेल, पेट्रोल यांनी पुसू नका. त्यांचा तेलकट अंश मागे राहतो. टायर पॉलिश, डॅशबोर्ड पॉलिश आणि गंज सोडवणारे स्प्रे त्या दिवसांत शेडमध्ये आणूच नका. त्यातल्या सिलिकॉनचा एक थेंब उडाला की रंगात माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात. केसांना खोबरेल लावलेला हातही तेच करतो. घासलेल्या पत्र्याला उघड्या हाताने शिवायचं नाही, हा नियम आम्ही घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवला होता.

जुन्या भागांवरचा गंज तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पेपरने काढा. खड्ड्यात उरलेल्या काळ्या ठिपक्यांवर फॉस्फोरिक ॲसिडचं द्रावण चालतं, पण ते डब्यावर लिहिल्याप्रमाणे निष्क्रिय करून धुवायला आणि पूर्ण वाळवायला हवं. ॲसिडचा अंश राहिला तर इपॉक्सी प्रायमर पकड घेत नाही. पत्रा स्क्रू ड्रायव्हरने टोचला की आत जात असेल तर औषधपाणी करत बसू नका. कापा आणि नवा तुकडा बसवा.

वेल्ड तपासायची तात्यांची पद्धत सोपी आहे. रात्री शेडचा दिवा बंद करायचा आणि पत्र्यामागे बॅटरी धरायची. जिथून उजेड टोचतो तिथून पाणीही येणार. आमच्या मागच्या कोपऱ्यात अशी अकरा छिद्रं सापडली. ती पुट्टीने बुजवायची नसतात, पुन्हा वेल्डच करायची. मागून ओलावा आला की पुट्टी तो स्पंजसारखा शोषते आणि वरून फुगते.

इपॉक्सी आधी, पुट्टी नंतर

पुष्कळ गॅरेजांत उघड्या पत्र्यावर थेट पुट्टी लावतात, आणि पुट्टीच्या डब्यांवरही तशी मुभा असते. कोरड्या गावात चालत असेल. खाडीकाठी मी आधी टू-पॅक, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायच्या, इपॉक्सी प्रायमरचे दोन हात मारेन आणि मग त्यावर पुट्टी, हे माझं ठाम मत आहे. इपॉक्सीतून ओलावा सहजी जात नाही, आणि काम महिनाभर रखडलं तरी पत्रा गंजत नाही. त्यावर पुट्टी किती तासांच्या आत थेट लावता येते ते कंपनीच्या तक्त्यात दिलेलं असतं. ती वेळ टळली तर १८० च्या पेपरने खरखरीत करून मगच लावायची. इपॉक्सीखाली ॲसिडवाला एच (etch, पत्रा किंचित खाऊन पकड घेणारा) प्रायमर नको.

इपॉक्सी वाळल्यावर सांधे सीम सीलरने भरायचे. पॉलियुरेथेनचा सीलर घ्या. दुकानदार स्वस्तात सिलिकॉन देईल, त्यावर रंग बसत नाही. बंद पेट्यांसारख्या भागांना तळाशी ८ मिलिमीटरची निचऱ्याची भोकं आहेत ना, आणि ती सीलरने बुजली नाहीत ना, हे पाहा.

लाट काढणं

पुट्टी, आमच्याकडचे जुने कारागीर तिला लांबी म्हणतात, हे पत्रा न ठोकण्यासाठीचं निमित्त नाही. आधी हातोडी आणि डॉलीने (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याने) पत्रा २ मिलिमीटरच्या आत आणायचा. दाबलं की टक्कन आत जाऊन बाहेर येणारा पत्रा ताणलेला असतो. तिथे नाण्याएवढा ठिपका गॅसने लाल करून ओल्या फडक्याने थंड केला की तो आवळतो. हे काम इपॉक्सीच्या आधीचं, आणि पहिल्यांदा करत असाल तर टाकाऊ पत्र्यावर हात बसवून घ्या.

लाट डोळ्यांनी नाही, हाताने शोधायची. तळहाताखाली पातळ सुती फडकं ठेवून हात लांबच लांब फिरवा, पुढून मागे, मग तिरका. फडक्यामुळे पत्र्याचा खरखरीतपणा जाणवत नाही, फक्त उंचसखल जाणवतं. तात्या डोळे मिटून फिरवायचे आणि खडूने गोल काढायचे. मला ते जमायला पंधरा दिवस लागले.

पॉलिएस्टर पुट्टीत हार्डनर वजनाने २ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १०० ग्रॅमला २ ग्रॅम. स्वयंपाकघरातला छोटा काटा कायमचा शेडमध्ये न्या. हार्डनर जास्त झाला तर पुट्टी लवकर वाळते खरी, पण त्यातलं पेरॉक्साइड वरच्या रंगात डाग पाडतं. उन्हाळ्यात मिश्रण चार-पाच मिनिटांत आवळतं, म्हणून एका वेळी मोठ्या लिंबाएवढंच कालवा, काचेवर किंवा ॲक्रिलिकच्या तुकड्यावर. पुठ्ठ्यावर नको, तो रेझिन शोषतो. कालवताना फेटू नका, दाबून घड्या घाला, नाहीतर हवा शिरते आणि घासल्यावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात.

खड्ड्यापुरतं भरू नका. लाट हातभर असेल तर पुट्टी दीड हात पसरवा, कडा पातळ होत गेली पाहिजे. घासायला आम्ही सुतारासारखा सरळ रंधलेला दीड फुटी सागवानी ठोकळा केला आणि त्याला पेपर चिकटवला. नुसत्या बोटांनी पेपर मारला तर बोटांच्या चार नाल्या पडतात आणि त्या रंगातच दिसतात. आधी ८०, मग १२०, मग १८०. दिशा नेहमी तिरकी, एकदा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, एकदा उलट. घासून झाल्यावर थर २ मिलिमीटरपेक्षा जाड उरत असेल तर पुन्हा हातोडीकडे जा.

आता एक गोष्ट फार कळकळीने सांगतो. पुट्टी पाण्याने घासू नका. आपल्याकडे वॉटर पेपरची सवय इतकी मुरली आहे की बादली समोर नसेल तर कारागिराला चुकल्यासारखं वाटतं. पण पॉलिएस्टर पुट्टी सच्छिद्र असते. ती पाणी पिते, वरून प्रायमर बसला की ते पाणी आत कोंडतं. आमच्या जुन्या हॅचबॅकचा दरवाजा एका गॅरेजमध्ये ऑगस्टात असाच पाण्याने घासून रंगवला होता. पुढच्या पावसाळ्यात त्यावर मसुराएवढे फोड आले, आणि फोड फोडला तर खाली तांबडा गंज. सगळं पुन्हा उघड्या पत्र्यापर्यंत खरवडावं लागलं. कोरडं घासा, तोंडाला धुळीचा चांगला मास्क लावा आणि अंगण रोज झाडा.

बारीक छिद्रांसाठी हार्डनरवाली बारीक फिनिशिंग पुट्टी वापरा. डब्यातून थेट लावायची एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी स्वस्त आणि सोपी आहे, पण ती महिनोन्‌महिने आकसत राहते आणि रंगात खळगे दिसू लागतात.

फायबरचं बॉनेट

साच्यातून निघालेल्या फायबरवर सुटं व्हायचं मेण असतं. ते आधी द्रवाने पुसून काढा, मग ३२० ने घासा. नवा भाग निदान आठवडाभर सपाट आधारावर उन्हात ठेवा. आतला स्टायरिन, म्हणजे रेझिनमधला उडून जाणारा द्रव, जो काय निघायचा तो रंगाआधी निघू दे. रंग काढायचं केमिकल फायबरला लावू नका, ते रेझिनच खातं.

सरफेसर आणि काळी धूळ

टू-पॅक सरफेसरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर बिथरलं की पुढे थोडीशी वाफही सहन होत नाही. तोंडाला रुमाल बांधून काहीही होत नाही. बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हाच त्यावरचा खरा इलाज आहे. गावठाणात भिंतीला भिंत लागून घरं आहेत, शेजारी लहान मुलं आहेत. म्हणून आम्ही इपॉक्सी घरी, शेड मोकळी करून, वाफ शोषणारा कार्ट्रिज मास्क, चष्मा आणि हातमोजे घालून मारला; आसपास कुठेही शेगडी किंवा विडी पेटलेली नव्हती. सरफेसर मात्र ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका बूथमध्ये नेऊन मारून घेतला. तिथे १.७ मिलिमीटरच्या नॉझलने तीन हात दिले, दोन हातांमध्ये दहा मिनिटं. घरचा २ एचपीचा कॉम्प्रेसर एवढ्या मोठ्या बाजूंना हवा पुरवूच शकला नसता.

घरी आणून दोन दिवस वाळू दिला, मग त्यावर कोरडी काळी गाइड पावडर चोळली आणि लांब ठोकळ्यावर ३२० लावून घासायला घेतलं. हा टप्पा मला सगळ्यांत आवडतो, कारण इथे गाडी खरं बोलते. जिथे काळं राहतं तिथे खळगा आहे, जिथे आधीच पत्रा उघडा पडतो तिथे उंचवटा. उंचवटा घासत बसायचं नाही, हलकेच ठोकून खाली घ्यायचा. काळं राहिलं म्हणून तेवढ्याच जागी बोटाने दाबून घासायचा मोह आवरा. तो खळगा अजून खोल होतो. उजव्या बाजूला आम्हाला पुट्टी आणि सरफेसर पुन्हा द्यावा लागला. एक आठवडा गेला, पण ती बाजू आज ट्यूबलाइट सरळ रेषेत दाखवते.

शेवटचं घासणं साध्या रंगासाठी ६०० ने, मेटॅलिकसाठी ८०० ने. इथे पाणी चालतं, पण पुट्टी कुठे उघडी पडली असेल तर तिथे नाही. नंतर गाडी पंख्याखाली आणि उन्हात पूर्ण वाळवा, कडांच्या घडीत फडकं घालून पाणी टिपा. कडांवर पत्रा चमकला तर तेवढ्या ठिकाणी इपॉक्सीचा पातळ हात द्या.

झाकणं आणि नेणं

रबर बीडिंग, लोगो, हँडल यांना टेप लावत बसू नका, काढूनच ठेवा. कडेला साचलेला रंग तिथूनच सुटायला लागतो. वायरिंगच्या अर्थिंगच्या जागा टेपने गोल कापून झाका, नाहीतर नंतर दिवे लुकलुकतात. नटांच्या आट्यांत जुने बोल्ट फिरवून ठेवा. साधा पिवळट टेप उन्हात चोवीस तास राहिला की गोंद सोडतो, म्हणून रंगाचा चांगला टेप घ्या आणि तो आदल्या दिवशी नव्हे, बूथमध्येच लावा. वर्तमानपत्र वापरू नका, त्याचे तंतू उडतात आणि शाई थिनरने सुटते.

उरलेला थिनर गटारात ओतायचा नाही. आपली गटारं खाडीत जातात, आणि ठाणे खाडी २०२२ पासून रामसर यादीतली पाणथळ जागा आहे. आम्ही तो डब्यात भरून बूथवाल्यांकडे दिला, ते पुढे पाठवतात.

गाडी ट्रेलरवर चादरीने झाकून न्या. शेवटचं पुसणं घरी करून उपयोग नाही, रस्त्याची धूळ आणि ट्रकांचा धूर तिच्यावर बसतोच. बूथमध्ये आधी हवेने सगळ्या फटी फुंकून काढल्या, मग द्रवाने दोन फडक्यांनी पुसलं, पंधरा मिनिटं थांबलो, आणि शेवटी चिकट टॅक कापड फिरवलं. ते दाबायचं नसतं, नुसतं स्वतःच्या वजनाने सरकू द्यायचं. दाबलं की त्याचा चिकटा पत्र्यावर उरतो. तात्यांनी एकदा फडकं घेऊन उजव्या बाजूवर डोळे मिटून हात फिरवला, खडू खिशातच ठेवला आणि म्हणाले, "चल, दार लावू दे त्यांना."